शिक्का वर

थोरल्या साडूचं तोंड दिसलं की धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि आता नेमका त्याच माणसाच्या घराचा पाया त्याच्या गळ्यात पडला होता. सख्ख्या बहिणींचे नवरे, पण एकमेकांना पाण्यात बघायचे. बायकोने शपथ घातली म्हणून धाकटा आला, नाहीतर असल्या माणसाच्या दारात तो थुंकलाही नसता. धंद्याने तो सुतार. पाया लाकडाचा घालायचा होता: कारखान्यात दाबाने औषध मुरवलेले जाडजूड खांब, खडी अंथरलेल्या चरात उभे करायचे आणि त्यांच्यावर घर.

खांब ट्रकमधून उतरले न उतरले तोच थोरला आला, हात मागे बांधून, साहेब पाहणीला आल्यासारखा.

"यात औषधाचं लाकूड कुठलं नि साधं कुठलं, मला काय कळणार? मधल्यामध्ये तू हात मारलास तर?"

मजूर ऐकत होते. एकजण तर फिस्सकन हसलाच.

"प्रत्येक खांबावर कारखान्याचा शिक्का आहे," धाकटा म्हणाला. "डोळे आहेत ना तुम्हाला?"

"आहेत, म्हणूनच सांगतोय. शिक्का वर राहिला पाहिजे, मला दिसेल असा. एकूण एक खांबाचा. मातीत गाडशील आणि वर शपथा खाशील, ते नाही चालायचं."

आता यातली गोम अशी, की शिक्का खांबाच्या एकाच टोकाला असतो. खांब हवा तेवढा ठेवायला दुसऱ्या टोकाला कापावाच लागतो. शिक्का वर ठेवला तर कापलेलं तोंड खाली जाणार. आणि औषध काही पार गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. करवत फिरली की आतलं फिकट, कोरं लाकूड उघडं पडतं, आणि ते ओल्या मातीत कुजतं. म्हणून सुतार कापलेलं तोंड सहसा मातीत घालत नाही, आणि घालायची पाळी आलीच तर ब्रशने त्याला भरपूर औषध पाजतो, मगच घालतो. हे धाकट्याला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या औषधाचा डबा त्याच्या टेम्पोतच होता.

सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण मला चोर म्हणतोस? चार माणसांत? घे मग तुझा शिक्का, लाव कपाळाला! त्याने सगळे खांब उलटे करून उभे केले, कापलेली तोंडं खाली, कोरडीच. डब्याचं झाकण काही उघडलं नाही. आणि खोटं कशाला बोला, त्याला फार बरं वाटलं. काही वर्षांनी घर एका बाजूला कलेल, मग बस बोंबलत.

दुसऱ्या दिवशी माती लोटायची होती. सकाळीच सासूबाई आल्या, काठी टेकत. सुताराला मुलगी द्यायची म्हटल्यावर सगळ्या घराने नाकं मुरडली होती, तेव्हा "माणूस कामाचा आहे, मी देणार" म्हणून एकट्या उभ्या राहिलेल्या याच.

"जावईबापू, मागची खोली माझी म्हणे," त्या म्हणाल्या. "थोरली मागे लागलीय, तुझं घर मोड नि कायमची इकडे ये. मी म्हटलं, आधी आमच्या सुताराला विचारते. तुम्ही पक्कं म्हणालात तर मोडते घर. नाहीतर आहे तिथे बरी आहे मी."

ही म्हातारी या खांबांवर झोपणार! धाकटा तडक थोरल्याकडे गेला.

"खांब काढून परत लावावे लागतील. आजचा दिवस द्या मला."

"का बरं?" थोरल्याचे डोळे चमकले. "काय लपवलंयस खाली? आई, बघा तुमचा लाडका जावई! अरे बोल ना. चुकलास? मग म्हण की सगळ्यांसमोर, चुकलो म्हणून. म्हण, नि खुशाल काढ खांब."

एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही. मजूर फावडी टेकून बघत होते, सासूबाई बघत होत्या, आणि थोरला दात काढून उभा होता. त्या दातांकडे बघता बघता धाकट्याने शब्द गिळला.

"काही नाही. तुमची फिरकी घेतली," तो म्हणाला. "ओढा रे माती!"

फावडी चालू झाली. खडी झाकली गेली, मग खांबांचे बुंधे. थोरला हिरमुसून निघून गेला.

"म्हणजे पक्कं आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"शिक्का दिसतोय की, आई."

त्यांनी चष्मा लावला, वाकून एका खांबावरच्या निळ्या शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"मला मेलीला यातलं काय कळतंय? तुम्ही सांगितलंत, म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "आजच सामान बांधायला घेते."