मागचा डावा बोल्ट

मी एक जुना बास्केटबॉलचा खांब आहे. आधीच सांगून टाकतो मित्रांनो, मी भित्रा आहे. एवढा मोठा लोखंडी देह आणि कसली भीती, असं म्हणून हसू नका. ऐका आणि मग बोला.

एका वर्कशॉपमध्ये मला वेल्डिंग करून उभं केलं. खाली जाड पत्रा, त्याला चार भोकं, वर बोर्ड आणि रिंग. मग बरीच वर्षं मी एका शाळेच्या मैदानात काढली. मुलं जिंकली की माझ्या अंगावर थापा मारायची, हरली की लाथा. पण पाया भक्कम होता, त्यामुळे त्या लाथांचंही मला कौतुक वाटायचं. पुढे शाळेत नवे खांब आले आणि मी भंगाराच्या दुकानात जाऊन पडलो. गंज चढला, रिंगमध्ये कोळ्यानं संसार थाटला. आता आपलं संपलं, असंच मी धरून चाललो होतो.

तिथून मला चिंगीच्या बाबांनी घरी आणलं. चिंगी दहा वर्षांची, चणीनं लहान पण आवाज पंचक्रोशीत ऐकू जाईल असा. घरामागच्या मोकळ्या जागेत तिच्यासाठी कोर्ट करायचं ठरलं होतं. मिस्त्रीकाका आले. त्यांनी माती काढली, खडी दाबली, पाणी साचू नये म्हणून एका बाजूला किंचित उतार धरला आणि काँक्रीट ओतलं. माझ्यासाठी कडेला खोल खड्डा घेतला. त्यात चार लांब बोल्ट उभे केले आणि ते हलू नयेत म्हणून वरून चार भोकांची एक फळी बसवली.

“साहेब, सात दिवस या फळीला हात लावायचा नाही,” मिस्त्रीकाका म्हणाले. “फक्त पाणी मारत राहा.”

“अहो, एवढं कळतं मला,” बाबा म्हणाले.

कसलं कळतंय! दुसऱ्याच दिवशी सकाळी स्वारी हजर. काँक्रीट धरलंय का, ते बघायची घाई. फळी चिकटली होती, म्हणून पहार घालून उचकटली. मागचा डावा बोल्ट तिरका झाला. तो सरळ करायला बाबांनी हातोडी घेतली. दोनच ठोके घातले, पण बोल्टभोवती चीर गेली आणि तो पडायला आलेल्या दातासारखा हलू लागला. मी शेजारीच आडवा पडलो होतो. सगळं डोळ्यांदेखत घडलं.

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, थोडं सिमेंट कालवलं, चिरेत भरलं, बोटांनी गुळगुळीत केलं आणि फळी होती तशी ठेवून दिली. मिस्त्रीकाकांना सांगितलं असतं, तर त्यांनी तो खड्डा फोडून पुन्हा भरला असता. पण सांगणार कोण? ‘एवढं कळतं मला’ म्हणून बसले होते ना!

आठव्या दिवशी मला उभं केलं. “नट मी आवळतो, तुम्ही रेषा आखा,” बाबा मिस्त्रीकाकांना म्हणाले. नटांवर काळ्या टोप्या बसल्या. चिंगीनं टाळ्या पिटल्या, मला मिठी मारली, “माझा खांब!” म्हणून ओरडली. आणि मी? मी आतून लटलट कापत होतो.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. चेंडू बोर्डावर आपटला की मागे तो बोल्ट केसभर वर यायचा आणि खाली बसायचा. दर खेपेला आणखी थोडा. चिंगी नेमकी माझ्या खालीच नाचायची. मला तोंड नाही, म्हणून मी सगळा जोर लावून करकरायला लागलो. पोरी, लांब हो! तर बाबांनी काय करावं? तेलाची पिचकारी आणली आणि माझे सांधे भिजवून टाकले. माझा होता नव्हता तो आवाजही बंद झाला.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रोज सकाळी कामाला जाण्याआधी बाबा मागे यायचे, कोणी बघत नाही असं पाहून त्या डाव्या टोपीवर बूट दाबायचे आणि तसेच उभे राहायचे. घाम पुसायचे आणि निघून जायचे. म्हणजे भीती आम्हा दोघांनाही होती. बोलता मात्र फक्त त्यांना येत होतं.

मग एका रविवारी मामा जेवायला आला. मामा म्हणजे धिप्पाड आणि मस्करीखोर. “काय गं बुटके, रिंगला हात पोचतो का?” म्हणत त्यानं चिंगीला उचललं. चिंगीनं रिंग घट्ट पकडली. मामानं हात सोडले आणि ती खदखदा हसत झोके घेऊ लागली.

पहिल्या झोक्याला टोपी उडाली. दुसऱ्याला बोल्ट उपटून आला आणि चीर पुढे सरकून शेजारचाही निसटला. मित्रांनो, मी पडत होतो आणि मला स्वतःला धरता येत नव्हतं!

“चिंगे, हात सोड! सोड!”

बाबा मागच्या दारातून धावत आले होते. तिनं हात सोडले, गुडघ्यांवर आपटली, त्यांनी तिला दंडाला धरून फरफटत ओढलं आणि मी धाडकन कोसळलो. जिथे ती पडली होती, तिथे माझा बोर्ड फुटला.

मामा म्हणाला, “तुम्हाला आतून कसं दिसलं हो?”

बाबा खाली बसले. “दिसलं नाही,” ते म्हणाले. “मला माहीत होतं. बोल्ट माझ्या हातून हलला होता.”

“कधी?” चिंगीनं विचारलं. तिच्या गुडघ्यातून रक्त येत होतं.

“कोर्ट झालं तेव्हाच.”

चिंगीनं त्यांच्या हातातून आपला हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मिस्त्रीकाकांना बोलावून सगळं सांगितलं. काकांनी कपाळावर हात मारला, भरपूर ऐकवलं आणि खड्डा फोडून नवा भरून दिला. नवा बोर्ड लागला. आता मी पहाडासारखा पक्का आहे.

मित्रांनो, तुमच्या हातून काही मोडलं, हललं, तर त्याच दिवशी सांगा. ओरडा बसेल, बसू दे. तो संध्याकाळपर्यंत विरतो. झाकलेली चूक मात्र कोणाच्या डोक्यावर पडेल, ते सांगता येत नाही.

चिंगी पुन्हा खेळायला येते. पण चेंडू हातात घेऊन आधी रेषेबाहेर थांबते.

“बाबा, खरं सांग. पक्का आहे ना?”

बाबा नुसतं हो म्हणत नाहीत. पाना आणतात, चारही टोप्या काढतात, एकेक नट तिच्यासमोर आवळून दाखवतात. ती वाकून बघते. मग पाना त्यांच्या हातातून घेते आणि चारही नट स्वतः पुन्हा तपासते.