तिसऱ्या कोपऱ्यातला खांब

सासूबाईंचे गुडघे जिना चढायला नाही म्हणू लागले, तेव्हा मागच्या अंगणात त्यांच्यासाठी खोली बांधायचं ठरलं. जावई पाया घालण्याच्याच धंद्यातला. तो लोखंडी खांब स्क्रूसारखे जमिनीत पिळतो. खांबाला खाली गोल पाती असतात आणि घराचं ओझं त्यांच्यावर बसतं. जमीन किती पेलेल ते यंत्रावरचा काटा सांगतो. पिळायला जितका जोर लागेल, तितका भरवसा.

सासऱ्यांचा काट्यावर विश्वास नव्हता. "चाळीस वर्षं राहतोय मी इथे. खाली नुसता दगड आहे. चार फुटांत काम होईल."

पहिल्या कोपऱ्यात घट्ट वाळू लागली. आठ फुटांवर काटा हवा तिथे आला. दुसऱ्यात चिकणमाती, खांब चौदा फूट गेला, तेव्हा कुठे तिने पातं धरलं.

"दगड बराच मऊ आहे, मामा," जावई म्हणाला.

सासरे चहाचं बघायला आत गेले.

तिसऱ्या कोपऱ्यात मात्र सहा फुटांवरच काटा टुणकन उडाला. खांब जागचा हलेना.

"बघ! म्हटलं नव्हतं?" सासरे कप घेऊन धावत आले.

"मामा, इथे कधी खड्डा-बिड्डा होता का? काही पुरलंय? पातं कशात अडकलं की काटा फसवतो. आज चढतो, उद्या खालचा भराव बसला की कोपरा खचतो."

"छे! कोण काय पुरणार? काप तो वर उरलेला खांब."

जावयाने खडूने खूण केली, कटर उचलला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई म्हणाल्या, "माझा पलंग त्याच कोपऱ्यात घालायचाय हं."

सासऱ्यांनी जावयाचा हात धरला. "थांब. शिलाई मशीन आहे खाली."

"कुणाचं?"

"हिचं. कचऱ्याचा खड्डा बुजवत होतो, तेव्हा..."

"दुरुस्तीला दिलेलं?" खिडकीतून आवाज आला. "अहो, सव्वीस वर्षं झाली!"

"तू पडद्यांच्या उरलेल्या कापडाचे शर्ट शिवायचीस मला. ऑफिसात लोक मला बाजूला सारून खिडकी शोधायचे."

जावयाने खांब उलटा फिरवून काढला, खड्डा उकरून मशीन बाहेर घेतलं. मग त्याच जागी खांब सतरा फूट गेला आणि घट्ट मातीत बसला. मशीन गंजून गेलं होतं, म्हणून सासऱ्यांना नवं आणावं लागलं.

खोलीला अजून केसाएवढीही भेग नाही. खिडकीला मोठाल्या फुलांचे पडदे आहेत. त्यांच्याशेजारी खुर्चीत सासरे बसलेले असतात. पाहुण्यांना ते जरा उशिरा दिसतात.