पेलाभर पाण्याची झाकणी

मी एक जुनी पितळी झाकणी आहे, मित्रांनो. कढईला मान असतो, पातेल्याला मान असतो. झाकणीला कोण विचारतंय? म्हणून म्हटलं, आज आपणच बोलावं.

तांबटाच्या दुकानात माझा जन्म झाला. मला घडवून घेणाऱ्या काकूंचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. त्या समोर उभ्या राहून सूचना देत होत्या. "मधे मूठ नको, कडेला कडी लावा. आणि पोट चांगलं खोल करा, पेलाभर पाणी राहिलं पाहिजे."

तांबट वैतागला. "अहो ताई, तुम्हाला झाकण हवंय की वाडगा?"

"दोन्ही!" काकू म्हणाल्या. बडबडत का होईना, त्याने मला ठोकून ठोकून खोलगट केलं.

माझी सगळी विद्या त्या पोटात आहे. काकू भाजी फोडणीला टाकायच्या, मला कढईवर ठेवायच्या आणि माझ्यात पेलाभर पाणी ओतायच्या. खालची वाफ माझ्या गार पोटाला लागायची आणि थेंब होऊन भाजीत परत पडायची. भाजी करपायची नाही, पचपचीतही व्हायची नाही. गवार तर अशी मऊ शिजायची की काय सांगू! मेथी-पालकाच्या दिवशी मात्र मला सुट्टी. त्यांच्यावर झाकण ठेवलं की हिरवा रंग जायचा, आणि रंग गेला की काकूंचं डोकं फिरायचं.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मोहरीएवढी चाकं बघायचे. घरी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर जेवायला बसायचे ते मात्र खिडकीकडे तोंड आणि शेगडीकडे पाठ करून. "गवार झकास झालीय हं," असं ते खिडकीलाच सांगायचे. काकू हसायच्या. मला मात्र भारी राग यायचा. अहो, एकदा तरी मागे वळा ना!

ते काही वळले नाहीत. आणि एके वर्षी, चार दिवसांच्या तापात काकू गेल्या.

लेक आली, महिनाभर राहिली आणि आपल्या घरी परत गेली. मग काकांनी बाजारातून काचेचं झाकण आणलं. आत काय चाललंय ते दिसावं म्हणून! "हिला धड मूठसुद्धा नाही," म्हणत त्यांनी मला कपाटावर टाकलं. तिथे धूळ खात मी एकटी पडले होते. खाली काकाही एकटेच होते.

वरून मला सगळं दिसायचं. मेथीचा ढीग बघून त्यांनी त्या मानाने मीठ घातलं. ढीग बसून मूठभर झाला आणि भाजी खारट ढाण. गवार एकदा करपली. पुढच्या वेळी पाणी घातलं, तर पचपचीत झाली. "हिच्या हातच्यासारखी का होत नाही?" ते रिकाम्या स्वयंपाकघराला विचारायचे. मला उत्तर ठाऊक होतं, पण बोलणार कशी? लेकीला मात्र फोनवर सांगायचे, "जेवलो ना, अगदी झकास!" शेवटी त्यांनी भाजी करणंच सोडलं. दुधात पाव बुडवून खायचे. त्यांचे शर्ट अंगावर लोंबायला लागले.

एका रविवारी त्यांनी हट्टाने पुन्हा गवार आणली. गरम काचेचं झाकण नळाखाली धरलं आणि ते तडकलं. मग आठवण झाली माझी! खुर्चीवर चढून त्यांनी मला खाली काढलं, बाहीने धूळ पुसली आणि थबकले. माझ्या पोटात पांढरी गोल रेघ होती, रोज उकळलेल्या पाण्याची. काकांनी भिंग आणलं. रेघेवर बोट फिरवलं.

"पाणी? झाकणावर?" ते पुटपुटले.

त्यांनी मला कढईवर ठेवलं आणि बरोबर त्या रेघेपर्यंत पाणी ओतलं. इतक्या दिवसांनी माझ्या पोटाला पाणी लागलं, मित्रांनो. मला रडू आलं, पण झाकणीचं रडणं वाफेत कुणाला कळतंय?

पहिला घास घेतला आणि काका ताटावरून उठलेच. मग लेकीला फोन लावला. "अगं, आईसारखी झाली! वर पाणी ठेवायचं असतं!"

"मग? ते तर ठेवतातच," लेक म्हणाली. "बाबा, एवढी वर्षं तिथेच बसून जेवलात. आई रोज तुमच्या मागेच उभी असायची ना?"

फोन ठेवल्यावर काकांनी खुर्ची उचलली आणि फिरवून शेगडीकडे तोंड करून ठेवली.

ती आता तशीच असते. मी रोज कढईवर बसते, काका समोर बसून बघत राहतात. शेगडीपाशी मात्र कोणीच उभं नसतं.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. माझं काय, पितळ आहे, टिकेन. आज तुमच्या घरी भाजी शिजत असेल, तर जेवायला बसण्याआधी तुमची खुर्ची तेवढी फिरवून घ्या.