उशिरा पडणारा ठोका

"नखांनी नाही निघायचं ते, चिमणे. सुरी आण," लंबूकाका म्हणाला.

तिने कामाच्या पिशवीतली मेण कोरायची सुरी काढली. डेंटल लॅबमध्ये खोट्या दाढांवरच्या बारीक खाचा ती याच सुरीने कोरायची. तरी पेटीवरचं प्लास्टिक कापण्याआधी तिने एकदा आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हल्ली कुठल्याही कामाआधी ती हाताकडे अशीच पाहायची, मागून आणलेल्या वस्तूकडे पाहावं तशी.

प्लास्टिक सरळ कापलं गेलं.

आत राखाडी रंगाची जड पेटी होती. पाच रेकॉर्ड, एक जाडसर पुस्तिका, आणि झाकणावर फोटो. भिंतीला टेकून उभे असलेले चौघे, चौघांचेही चेहरे सुतकी. डावीकडून दुसरी तिची आई. ड्रमच्या स्टिक काखेत धरून कुठेतरी पलीकडे बघणारी.

"हसू नका म्हणून सांगितलं होतं का फोटोवाल्याने?"

"छे, हसा म्हणाला होता. आम्हाला हसायला वेळ लागायचा. तोवर तो फोटो काढून घरी गेला."

तिला हसू आलं. लंबूकाका पूर्वी आईच्या बँडचा गिटारवाला होता. आता तो शाळेची बस चालवायचा, आणि मागून पोरं ओरडायची की आजोबा, सायकली पुढे चालल्यात. नव्वदच्या दशकात त्यांची गाणीही अशीच चालायची. एखादा प्रेक्षक कंटाळून उठायचा आणि दारापर्यंत पोचेस्तोवर त्याला पेंग यायची, असं काका सांगायचा. कुणी फारसं ऐकलं नाही. बँड मोडला, आईने पुढची वीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केली, आणि तिथे कुणालाही तिने कधी पत्ता लागू दिला नाही की या बाईने ड्रम वाजवलेत. आता कुठल्या कुठल्या देशांतल्या तरुण पोरांना ती गाणी सापडली होती, म्हणून रेकॉर्ड कंपनीने सगळं ध्वनिमुद्रण झाडूनपुसून या पेटीत घातलं होतं.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. आधी तिचे हात गेले, मग चालणं, मग घास गिळणं. शेवटी शेवटी डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "पहिलं लक्षण कधी दिसलं?" मुलीने आठवेल तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "दिसण्याच्या खूप आधी सुरू होतो हा आजार." आणि मग इतक्या हळू आवाजात, की कळायला क्षणभर वेळ लागला, त्यांनी सांगितलं की हा आईवडिलांकडून मुलांत उतरतो. उतरतो किंवा उतरत नाही, नाणं उडवावं तसं. रक्त तपासून कळतं. कळून घ्यायचं असेल तरच तपासा.

तिने तपासलं नव्हतं. गेल्या महिन्यात लॅबमध्ये तिच्या हातून प्लास्टरचा जबडा सुटून फुटला. "कवळी पळाली म्हाताऱ्याची," असं म्हणून सगळे हसले, तीही हसली, आणि मग न्हाणीघरात जाऊन आरशासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. कोण जाणे किती वेळ.

म्हणून तिला या पेटीची भीती वाटत होती. आईचे हात होते त्या पेटीत. वर्षावर्षाने, ओळीने लावलेले.

"आजच ऐकायचं का?" तिने विचारलं.

"माझ्याच्याने एकट्याने होत नाही गं. तीन दिवस घरात ठेवली, तर मी त्या खोलीत जायचंच सोडलं. तुझ्याकडे आणली ती काय हौसेने आणली?"

तिने पहिली रेकॉर्ड लावली.

गिटारची एक तार वाजली आणि पुढे बराच वेळ काहीच नाही. मग आईचा ब्रश ड्रमवरून फिरला, शेजारच्या अंगणात कुणी झाडत असावं तसा. गाणारी आली ती घरात कुणी झोपलंय अशा बेताने. घाई कशालाच नव्हती. प्रत्येक सूर आपल्या जागी ठेवून ही माणसं मागे सरकत होती, जणू म्हणत होती, बघा सावकाश, आम्ही थांबलोय. लहानपणी तिला हे कंटाळवाणं वाटायचं. आज तिला वाटलं, इतकं हळू वाजवायला छातीत केवढा दम लागत असेल. आणि आईचा ठोका कसा, तर भरलेली कपबशी टेबलावर ठेवावी तसा. थेंबही न सांडता.

दुसऱ्या, तिसऱ्या रेकॉर्डपर्यंत तिचे खांदे सैल पडले. चौथीला तिने चहाही केला.

पाचवी लावण्याआधी तिने पुस्तिका उघडली. कुणा समीक्षकाने मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं: 'या अखेरच्या रेकॉर्डमध्ये ठोका अपेक्षेपेक्षा किंचित उशिरा पडतो. त्या किंचित उशिरातच या बँडचं काळीज आहे.'

तिने पुस्तिका मिटली.

गाणं सुरू झालं. तार वाजली. शांतता. ठोका यायला हवा होता. आला नाही. आईच्या अखेरच्या दिवसांत एका श्वासानंतर दुसऱ्याची वाट पाहत ती अशीच बसायची, स्वतःचा श्वास धरून. मग ठोका आला. पुन्हा शांतता. हे ठरवून केलेलं होतं की हात येत नव्हता? कानांना काही कळेना, म्हणून तिने काकाकडे पाहिलं.

काका डोळे मिटून बसला होता. त्याचा पाय ताल धरत होता. आधीच्या चार रेकॉर्डना तो पाय घड्याळासारखा पडत होता. आता तो वर उचलला जायचा, हवेत थांबायचा, आणि बरोबर आईच्या ठोक्यावर खाली यायचा. कुठे थांबायचं हे त्या पायाला पाठ होतं.

"काका," ती म्हणाली, "तुला माहीत होतं."

काकाने डोळे उघडले नाहीत. "आजार माहीत नव्हता, आईशप्पथ. एकदा स्टिक हातातून सुटली तिच्या. घाम आलाय म्हणाली. मग दुसऱ्यांदा सुटली. मग ठोका मागे राहायला लागला. तिला कळायचं, आणि ती आमच्याकडे अशी बघायची... तूही होतीस तिथे. आमच्या कोटांच्या ढिगावर झोपलेली."

"मग?"

"मग काय. तिला कोण सांगणार, तुझा हात चुकतोय म्हणून? मी तार उशिरा छेडायला लागलो. माझं बघून बाकीचे दोघं. ती एकटी उशिरा येतेय असं वाटू नये म्हणून आम्ही सगळेच उशिरा यायला लागलो." त्याने नाक पुसलं. "आता हा शहाणा लिहितोय, काळीज."

"खोटं नाही लिहिलेलं त्याने," ती म्हणाली.

रेकॉर्ड फिरत राहिली. आई तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिला स्वतःला आता चौतिसावं संपत आलं होतं. काकाला सांगू नये असं तिने ठरवलं होतं, पण शब्द निघूनच गेले.

"माझ्या हातून जबडा पडला गेल्या महिन्यात. प्लास्टरचा."

"पडतं गं. सगळ्यांच्या हातून पडतं."

"घाम आला होता, असं म्हणू का मीपण?"

काकाचा पाय थांबला. गाणं संपून सुई नुसतीच खरखरत राहिली तेव्हा त्याने उठून ती उचलली.

"कधी जायचं?" त्याने विचारलं.

"मला भीती वाटते."

"ते दिसतंय. कधी जायचं ते विचारतोय."

दोन दिवसांनी सकाळी पोरांना शाळेत सोडून तो बसच्या गणवेशातच रुग्णालयात आला. रक्त घेण्याच्या खोलीबाहेर रांग होती. तिचा नंबर आला तसा तो तिची पिशवी घेऊन दारातच उभा राहिला. नर्स बाईंनी रबरी पट्टा आवळला आणि हात पुढे करायला सांगितलं.

तिने हात टेबलावर ठेवला. हात थरथरत होता. भीतीने, की दुसऱ्या कशाने, ते तिला ठरवता येईना. मूठ वळून तो दाबून धरायचा तिने प्रयत्न केला, तसा तो जास्तच हलायला लागला.

नर्स बाईंनी एकदा तिच्या तोंडाकडे पाहिलं. सुई खाली ठेवली आणि आपला तळवा तिच्या मनगटाखाली सरकवला.

"असू दे," त्या म्हणाल्या. "थांबू आपण."

बाहेर कुणीतरी करवादलं, एवढा काय वेळ लावतायत आत. दारात लंबूकाका वळला. उंचीमुळे त्याने अख्खी चौकट अडवली होती.

"लागेल थोडा," तो त्या माणसाला म्हणाला. "बसा तुम्ही."