परीक्षा घेणारा पंखा

अहो, थांबा, आत येऊ नका! दारात मी बसलोय. मी पंखा आहे, पण गार वारा मागाल तर माझ्याकडे नाही. लाल कापडाच्या पडद्यात मला घट्ट बसवून घराच्या मुख्य दारात अडकवतात, आणि मी घरातली हवा बाहेर ओढतो. मग जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते, आणि घर किती गळतं ते शेजारच्या यंत्रावर आकड्यात दिसतं. एवढंच माझं काम. पण त्या आकड्यावर माणसं पास-नापास होतात हो! माझा जीव थाऱ्यावर कसा राहणार?

माझा जन्म थंड देशातला. तिकडे घरातली ऊब पळू नये म्हणून मला बनवलं. लाकडी खोक्यातून दुबईत उतरलो, तर इथे उलटंच, गारवा पळता कामा नये! एसीची हवा फटींतून वाया जाते, वीज फुकट जळते. म्हणून एक योजना निघाली: घराच्या फटी बुजवून घ्या, खर्चाचा काही भाग परत मिळेल. मात्र काम मंजूर यादीतल्या कंत्राटदारानेच करायचं. यादीत यायचं तर आधी प्रशिक्षण, मग एका खऱ्या घरात काम करून माझ्यासमोर परीक्षा.

हमदुल्लाभाई रत्नागिरीचे, उभी हयात एसीच्या धंद्यात गेलेली. तरी पहिल्या परीक्षेत नापास झाले. एसीच्या नळ्यांचे जोड त्यांनी सवयीने साध्या कापडी टेपने बांधले होते, ते परीक्षेआधीच उन्हाच्या तापाने सुटले. आकडा मीच दाखवला. काय करू, खोटं बोलता येत नाही मला. आता दुसरी संधी, आणि तीच शेवटची. गिऱ्हाइकं हल्ली यादी बघूनच फोन करतात. ही हुकली तर दुकान बंद, आणि बायको शहरबानू नि मुलगी सफा यांची रवानगी गावाला. सफाचं बारावीचं वर्ष चालू आहे! मला गाडीतून उतरवताना ते "या अल्ला" म्हणाले, तेव्हा माझीच पाती लटपटली.

घर होतं दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटी वस्तीत, सुचित्राताईंचं. त्या सुट्टीला पुण्याला गेल्या असताना हमदुल्लाभाईंनी सगळं काम उरकलं होतं. ताई त्याच सकाळी परतल्या होत्या, बॅगा अजून हॉलमध्येच पडलेल्या. परीक्षक राजन सर सोफ्याच्या कडेवर बसले.

"यल्ला, चला हमदुल्लाभाई, चालू करा."

मी घरघरलो. ताईंच्या लेकीने, शुभ्राने कानांवर हात ठेवले. "ममा, इट्स सो लाउड!" आणि आकडा? चढलेलाच!

"सर, असं कसं? टेप चांगला वापरला, खिडक्या केल्या, दारं केली..."

"भाई, परीक्षेत मला काही सांगता येत नाही. तुम्हीच शोधा. पण वेळ थोडा आहे."

हमदुल्लाभाईंनी अगरबत्ती पेटवली. फट असेल तिथे धूर हलतो. खिडक्या झाल्या, नळ्यांचे जोड झाले, धूर आपला सरळ वर. एसी परीक्षेसाठी बंद, त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला. अहो, मागच्या खोलीत बघा, हवा तिकडून येतेय, असं मी जिवाच्या आकांताने सांगत होतो. पण पंख्याचं कोण ऐकतंय? लोकांना घरघरच ऐकू येते.

तेवढ्यात ताई नाकाला ओढणी लावून बाहेर आल्या. "ई! शुभ्राच्या बाथरूममधून गटाराचा काय घाण वास सुटलाय! हा पंखा लावल्यापासून."

हमदुल्लाभाई जागीच थबकले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "तौबा! आमची शहरबानू गावाहून आली की बुरखा काढायच्या आधी बाथरूमच्या जाळीत मगभर पाणी ओतते. मी दरवर्षी हसतो तिला!"

जमिनीतल्या जाळीखाली वाकडा पाइप असतो. त्यात पाणी साचून राहतं, तेच गटाराची हवा अडवतं. सुट्टीत घर बंद राहिलं की ते सुकून जातं. प्रशिक्षणात हे सांगितलं होतं, मी तिथेच होतो. पण सगळ्या एसीवाल्यांनी माना डोलावल्या आणि आपसांत म्हणाले, "ते प्लंबरचं काम." हमदुल्लाभाईही त्यांच्यातलेच.

ते धावत आत गेले. पाणी ओतल्याचा आवाज आला. मी देव पाण्यात घालून बसलो होतो. आकडा घसरला, आणखी घसरला, आणि पाहिजे तिथे येऊन थांबला.

"मबरूक, अभिनंदन हमदुल्लाभाई," राजन सर उठून उभे राहिले. "आता प्लंबरवर ढकलू नका."

हमदुल्लाभाईंनी तिथूनच घरी फोन लावला. "पास झालो गं! तुझ्या पाण्याने." पलीकडे आधी रडणं, आणि मग, "आता तरी हसू नका मला."

मला पिशवीत गुंडाळून गाडीत ठेवलंय. पण माझा घोर कुठला संपायला? उद्या दुसरं दार, दुसरा घामाघूम माणूस. मला खोटं बोलता येत नाही, आणि खरं काय ते ओरडून सांगताही येत नाही. म्हणून तुम्हालाच विनवतो. सुट्टीवरून परतलात की बॅगा राहू द्या तशाच, आधी जाळीत मगभर पाणी ओता. कुणाच्या तरी सफाचं बारावीचं वर्ष त्यावर अडलेलं असतं.