मागच्या खोलीत पाठवा

थोरल्याने माउसचं उजवं बटण दाबलं आणि मोठ्याने आकडे मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. शेजारी खुर्ची ओढून बसलेली दुरुस्तीवाली हनुवटीला हात लावून पडद्याकडे पाहत होती. पडद्यावर काहीच हलत नव्हतं. तो चौदा म्हणाला आणि छोटी यादी उघडली: उघडा, कॉपी करा, नाव बदला, पाठवा.

"बघितलंस? दर वेळी चौदा," तो म्हणाला. "दिवसाकाठी शंभरदा तरी हे बटण दाबावं लागतं मला. सोमवारी काम द्यायचंय. असंच चाललं तर पुस्तक छापून जुनं होईल आणि सूची बसेल माझ्याकडेच."

"मोजता कशाला, काका? मोजलं की जास्त वाटतं."

"मग दुसरं करू काय तेवढ्या वेळात?"

ती हसली, पण तो थट्टा करत नव्हता. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर ते सांगणारी. ती करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. त्यातली अठ्ठावीस वर्षं तो पुढच्या खोलीत बसून शब्द काढायचा आणि धाकटा भाऊ मागच्या खोलीत बसून पानांचे आकडे तपासायचा. दोघांनीही लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर थोरला म्हणायचा, सूचीतून सवड कुठे मिळाली. घरात नियम एकच होता: धाकट्याने खाली 'तपासलं' असं लिहिल्याशिवाय कोणताही कागद बाहेर जायचा नाही. कॉम्प्युटर आले तरी नियम तोच राहिला. फाइलवर उजवं बटण दाबायचं, यादीतून 'पाठवा' आणि मग 'मागची खोली' निवडायचं, आणि भिंतीपलीकडे हाक मारायची, "पाठवलंय रे." छत गळतं म्हणून घरमालकाला लिहिलेलं पत्रसुद्धा असंच मागे जाऊन यायचं.

आता मागच्या खोलीत टेबलाच्या चार पायांचे फरशीवरचे डाग तेवढे होते. थोरल्याच्या तोंडून मात्र 'पाठवलंय रे' अजूनही निघून जायचं. मग त्याला घर फार मोठं वाटायचं, आणि रेडिओ लावला तरी ते लहान होत नसे.

दुरुस्तीवालीने एकामागून एक तीन-चार याद्या उघडल्या, काही खुणा काढल्या, पुन्हा घातल्या.

"सापडलं," ती म्हणाली. "मशीनला काही झालेलं नाही. तुम्ही बटण दाबलं की ते आधी 'मागच्या खोली'ला हाक मारतं. धाकट्या काकांचं मशीन याला जोडलेलं होतं ना, तेच ते. तिकडून उत्तर येत नाही, म्हणून हे वाट बघतं. चौदा सेकंदांनी नाद सोडतं आणि मग तुम्हाला यादी दाखवतं. ते नाव काढून टाकलं की झालं. काढू?"

थोरल्याने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला.

"दोन वर्षं वाट बघतंय?"

"त्याला काय कळतंय, काका. ते दुसरीकडे राहायला गेले, हे त्याला कोणी सांगितलंच नाही."

काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसत राहिला. दोन वर्षांपूर्वी पक्ष्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आलं होतं. ऐन वेळी त्यात चित्रांची दोन पानं घातली गेली आणि पुढचे सगळे आकडे दोनने सरकले. धाकट्याने तीन दिवस खपून ते दुरुस्त केले. तरी पुस्तक छापून आलं तेव्हा घुबड शोधणाऱ्याला बदक सापडत होतं. प्रकाशकाचं खरमरीत पत्र आलं. थोरल्याने त्याच फणकाऱ्यात उत्तर लिहिलं: आकडे तपासण्याचं काम माझ्या भावाकडे असतं, चूक त्याची आहे. आणि लिहून झाल्यावर, अठ्ठावीस वर्षांची सवय, तेही पत्र मागच्या खोलीत पाठवलं. वर हाकसुद्धा मारली.

अर्ध्या तासाने पत्र परत आलं. खाली लिहिलं होतं, 'तपासलं'.

त्याच आठवड्यात धाकटा टेबल आणि मशीन घेऊन पुलापलीकडच्या एका खोलीत राहायला गेला. नंतर फाइलींच्या तारखा पाहताना थोरल्याच्या लक्षात आलं की दुरुस्त केलेली सूची त्याच्याकडे वेळेवर आली होती. प्रकाशकाला जुनी गेली होती, आणि ती त्याच्याच हातून. भावाच्या डोक्यावर खापर फोडून तो मोकळा झाला होता. तेव्हापासून तो मूग गिळून बसला होता, आणि त्याची त्याला रोज लाज वाटत होती.

"काढू ना?" दुरुस्तीवालीने पुन्हा विचारलं. मग सहज म्हणाली, "मागच्या महिन्यात प्रिंटर बसवायला धाकट्या काकांकडे गेले होते. त्यांचंही हेच. तिकडे ते 'पुढची खोली' शोधत बसतं."

"मग? काढलंस?"

"नको म्हणाले. राहू दे, तेवढाच हाताला आराम." तिने जीभ चावली. "तुम्हाला सांगायला नको होतं बहुतेक."

थोरल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"माझंही राहू दे," तो म्हणाला.

"आणि सोमवारचं काम?"

"होईल. आजवर झालंच की."

तिने खांदे उडवले, पिशवी उचलली आणि गेली. मग त्याने प्रकाशकाला चार ओळींचं पत्र लिहिलं, त्यावर उजवं बटण दाबलं आणि या वेळी आकडे न मोजता थांबला. यादी आली. 'पाठवा'. 'मागची खोली'. जागा सापडत नाही, असं पडद्यावर आलं. त्याने फोन घेतला. नंबर शोधावा लागला नाही.

"बोल," पलीकडून धाकटा म्हणाला.

"एक पत्र तपासायचं होतं."

खुर्ची करकरल्याचा आवाज आला. "वाच."

"पक्ष्यांच्या पुस्तकाच्या सूचीतली चूक माझी होती. भावाने दुरुस्त करून दिलेली फाइल मी पाठवलीच नाही आणि दोष मात्र त्याला दिला. हे कळल्यावरही आजवर गप्प बसलो." पलीकडून काहीच येईना. तो नकळत मोजू लागला. चौदा झाले, पंधरा झाले, वीसही झाले.

"तारीख घातलीस?" धाकट्याने विचारलं.

"नाही."

"घाल. आणि एवढ्यात पाठवू नकोस." धाकट्याने नाक ओढलं. "नुसतं ऐकून मी कधी तपासलं म्हटलंय का, दादा? उद्या सकाळी येतो. पडद्यावर बघू दे."

थोरल्याने तारीख घातली आणि मागच्या खोलीचा केर काढायला उठला.