सहाशे तेराची बाकी

तिने ३७,५१,२७,१८९ हा आकडा पुन्हा एकदा मोबाइलवर टाकला, सहाशे तेराने भागला. दशांशचिन्ह या वेळीही आले नाही.

हा पाण्याच्या मीटरवरचा क्रमांक. छापखान्यात मुद्रिते तपासता तपासता नजर गेली आणि बाबा घरी बसले, तेव्हा त्यांनी तो मनावर घेतला होता. ही संख्या मूळ आहे की नाही? यंत्राला विचारायचे नाही, हा हट्ट. ते आतल्या खोलीतून क्रमाने एकेक मूळ संख्या सांगत. शिलाईयंत्रापाशी बसलेली आई उरल्यासुरल्या अस्तरावर खडूने भागाकार करी आणि बाकी सांगे. नऊशे सत्त्याण्णवपर्यंत मजल गेली आणि बाबा गेले. राहिलेले आपण पुरे करायचे, असे लेकीने ठरवले. फक्त खात्रीसाठी पहिल्यापासून सुरुवात केली.

“आई, सहाशे तेराला बाकी किती आली होती?”

आई काज करत होती. सुई थांबली.

“एकशे चार.”

“इतकं लक्षात आहे?”

“खोटं बोललेलं बरं लक्षात राहतं.”

लेक येऊन समोर बसली.

“दवाखान्यातून आणलं ना, त्या आठवड्यातली गोष्ट. जेवण नाही, बोलणं नाही. सकाळी तेवढं विचारायचे, ‘आज कितीने?’ आणि नेमका तेव्हाच पूर्ण भाग गेला. काय सांगू, संपलं म्हणून?”

“त्यांना संशय नाही आला?”

“माझा? जन्मभर लोकांच्या चुका काढल्या त्या माणसाने. माझ्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विश्वास.”

“म्हणजे त्यांना उत्तर कळलंच नाही.” लेकीचा आवाज चढला.

“मी सांगणार होते गं. पण नुसतं ‘भाग जातो’ म्हटलं असतं, तर लगेच मानगुटीवर बसले असते, आलेल्या भागाकाराचं काय? तो मूळ आहे का? म्हणून ते झोपले की मी त्याच्या मागे लागायची. सहा लाख अकरा हजार नऊशे त्रेपन्न.”

लेकीने मोबाइलकडे पाहिले. तिथेही तोच आकडा.

“सहाशे तेराच्या खालचे सगळे आधीच बाद झालेले. वर सातशे त्र्याहत्तरपर्यंतच जायचं होतं. पुढे त्याचं वर्गमूळच संपतं.”

“मग? गेलीस?”

“एक राहिला. शेवटचा. दोन्ही तुकडे पक्के करून मगच सांगायचं होतं त्यांना.”

लेकीचा अंगठा मोबाइलकडे वळला. आईने तो उचलून पालथा ठेवला, अस्तराचा तुकडा मांडीवर पसरला आणि खडू हातात घेतला.

बराच वेळ खडूचाच आवाज. एका जागी तिने पुसले, पुन्हा मांडले. मग खाली रेघ ओढली.

“पाचशे दहा उरतात. नाही जात भाग.”

लेक काही बोलणार, तोच आई म्हणाली,

“हाही मूळ आहे.”

हे मात्र ती जरा मोठ्याने म्हणाली. आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या.